हमिंगखाली दबलेला आवाज

आईचा आवाज घरात एकाच ठिकाणी उरला होता, भुलाबाईच्या, म्हणजे आमच्याकडच्या भोंडल्याच्या, गाण्यांच्या एका छोट्या रेकॉर्डमध्ये. माझ्या जन्माआधी अमरावतीत कुठल्याशा कंपनीची माणसं आली होती आणि त्यांनी आमच्या मोहल्ल्यातल्या सात बायकांना उभं करून गाणी म्हणवून घेतली होती. आई त्यांतली एक. मी चार वर्षांची असताना ती गेली. चेहरा फोटोत आहे, पण आवाज मला आठवत नाही. लोक म्हणतात, आईचा आवाज कोणी विसरतं का? विसरतं बाप्पा. मी विसरले.

बाकीच्या सहाजणींपैकी कोणी देवाघरी गेलेली, कोणी परगावी लेकाकडे. त्या सात आवाजांतून आईचा आवाज ओळखणारं माणूस एकच उरलं होतं, बाबा. आणि बाबांचे कान चालले होते. सारा जन्म त्यांनी कापसाच्या जिनिंगमध्ये फिटरकी केली. तिथल्या यंत्रांत शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागे. मग कापूस पिकेना, जिनिंगला कुलूप लागलं आणि बाबा घरी बसले ते अर्धे बहिरे होऊनच. ती वर्षंच अशी होती की शेतकऱ्यांनी जीव दिल्याच्या बातम्यांनी भरलेला पेपर सकाळी उघडवत नसे. बाबा तर घडी न मोडताच तो रद्दीत टाकत. डॉक्टरनं सांगितलं, उरलंसुरलं ऐकणंही हळूहळू जाईल. कानाचं यंत्र आणलं तर बाबांनी ते दोन दिवसांत डबीत घातलं. म्हणे, कानात चिमण्या चिवचिव करून राहिल्या.

म्हणजे घाई मलाच होती. आईचा आवाज कोणता, हे त्यांनी मला दाखवायचं, आणि तेही त्यांना ऐकू येतंय तोवर.

मी तेव्हा अकोल्याला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे आणि शनिवारी एसटीनं घरी यायचे. घरचा रेकॉर्ड प्लेयर अजून फिरत होता, पण त्यातला आवाज मोठा करणारा भाग कधीचाच जळला होता. सुईकडून येणारा आवाज इतका बारीक असतो की त्याला आधी एका छोट्या सर्किटमधून काढावं लागतं. त्याला प्रिअ‍ॅम्प म्हणतात. अकोल्याच्या जठारपेठेतल्या एका दुकानातून सुटे भाग आणले आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात मीच तो जोडला. मोठ्या तोऱ्यात सुई टेकवली, तर स्पीकरमधून नुसतं हमिंग, घूंऽऽ. गाणं त्याच्याखाली कुठंतरी, चार घरं सोडून लग्न असावं तसं.

"काहून वं," बाबा म्हणाले, "जिनिंग सुरू केली का तुनं?"

त्यांना तेवढं बरोबर ऐकू आलं होतं. मला हसू आलं नाही. मी तोंड फुगवून डबा उघडला.

ट्रान्सफॉर्मर डब्यातच बसवला होता, तो काढून लांब वायरीवर हातभर दूर नेला. घूं निम्मं झालं. अर्थिंगच्या वायरी जिथं जागा दिसली तिथं टाकल्या होत्या, त्या सगळ्या सोडवून एकाच खिळ्याला आणल्या. आणखी कमी झालं. सुईची वायर जाळीवाली टाकली. तरी उरलंच, आणि वर लोडशेडिंग. रविवारचे निम्मे तास तर वीज यायची वाट बघण्यात जायचे. शेवटी माझं डोकं फिरलं. कुठून येतंय ते शोधणंच सोडलं आणि सर्किटमध्ये एक फिल्टर घातला, खालचे जाड सूर सरळ कापून टाकणारा. घूं गेलं. धुतल्यासारखं स्वच्छ गाणं आलं.

त्या दिवशी बाबा तिवस्याला कोणाच्या तरी तेरवीला गेले होते. मी एकटीनंच ऐकलं. गाणाऱ्यांत एक आवाज गोड, उंच, सगळ्यांच्या वर तरंगणारा होता. हीच माझी आई, असं मी ठरवूनच टाकलं. आठवडाभर अकोल्यात तो आवाज मनात घेऊन फिरले. फळ्यावर लिहिता लिहिता तो आठवे आणि डोळे भरून येत.

पुढच्या रविवारी बाबांना स्पीकरजवळ बसवलं. तो आवाज आला तशी मी त्यांच्याकडे बघितलं.

"हेच ना?"

"नाही वं. ते मागच्या गल्लीतली एक होती."

"मंग आई कोणती?"

"यात ते नाहीच."

"नाही कशी? सातजणी हायेत ना?"

"सहाच हायेत," बाबा शांतपणे म्हणाले. "तुही माय जाड आवाजात गाये, खालून. कायले काढून टाकली तिले?"

आईला मीच कापलं होतं, हमिंगसोबत. आठवडाभर दुसऱ्याच कोणाच्या आईसाठी रडत होते मी.

फिल्टर उपटून काढला. घूं परत आलं. आता मात्र ते शोधणं भागच होतं. उन्हाळा होता. आमच्याकडे त्या दिवसांत जमीन तडकते, तसा अर्थिंगचा खड्डाही कोरडाठाक पडतो आणि नको ती वीज जमिनीत उतरत नाही. हे मी दरवर्षी वर्गात सांगते, आणि स्वतःच्या अंगणात बघायचं सुचलं नव्हतं. मूठभर मीठ टाकलं आणि दोन बादल्या पाणी ओतलं.

"नळ चार दिवसांनी येऊन राहिला," बाबा ओट्यावरून म्हणाले, "आन तू खड्ड्याले पाणी पाजून राहिली?"

घूं पुरतं गेलं नाही. पण एवढं दबलं की बाबा स्पीकरला कान लावून बसले आणि थोड्या वेळानं त्यांनी बोट वर केलं. "हे." खाली केलं. पुन्हा वर केलं. त्या बोटामागून मी ऐकत गेले, तेव्हा कुठं मला तो सापडला. जाडसर, ओळीच्या शेवटी जरा रेंगाळणारा. गोड मुळीच नव्हता. मला तो फार हवाहवासा वाटला. अजूनही वाटतो.

पुढं दोन-तीन वर्षांत बाबांचं ऐकणं पार गेलं. तरी रविवारी म्हणत, "लाव." स्पीकरकडे पाठ करून माझ्यासमोर बसत आणि माझ्या हाताकडे बघत राहत. आईचा आवाज आला की मी बोट वर करायचे.