दारावर टांगलेली रिंग

स्वतःची चूक स्वतःच्याच दारावर टांगणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी एकच पाहिला. त्याचं नाव इथे लिहीत नाही. एकदा छापलं, तेवढं पुरे झालं.

नाशकात पेठ रोडला त्याचं गॅरेज होतं. गाडी आली की मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला लावायचा, मूठ कानाशी धरायचा आणि डोळे मिटायचा. आपण काही सांगू लागलो की दुसरा हात वर. "गप बसा भाऊ, तिला बोलू द्या." रस्त्यावर ट्रकांचा गोंगाट, आणि हा जणू विहिरीच्या तळाशी बसून ऐकतोय.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. आमची फुलं वाहणारी जुनी व्हॅन त्याने दुरुस्त करून दिली. तिचं इंजिन पुढच्या सीटखाली. आठवडाभरात निळा धूर आत येऊ लागला आणि झेंडूला जळक्या ऑइलचा वास लागला. बाजारात व्यापाऱ्याने एक फूल नाकाशी नेलं. "देवाला वाहायचीत ही, ट्रकला नाय," म्हणत त्याने सगळा माल परत केला. दसरा पाच दिवसांवर होता. अख्खा मळा त्या एका सकाळसाठी फुलला होता.

मी वीस वर्षांचा. शेतकरी आंदोलनाच्या पत्रकांचे गठ्ठे उशाला घेऊन वाढलेलो. मिस्त्रीला एका शब्दाने न विचारता मी शंभर पिवळी पत्रकं छापली. वर त्याचं नाव, खाली 'इंजिनं बिघडवणारा मिस्त्री ओळखा!'

"कागदानं धूर थांबणार हाय का?" वडील, आमचे नाना, एवढंच म्हणाले.

साठेक वाटून झाल्यावर एक मी त्याच्याच हातात दिलं. ओठ हलवत त्याने सगळं वाचलं.

"एकच बिघडवलंय ना भाऊ? मग एकच लिहायचं." मग डिंक लावून त्याने ते पत्रक स्वतःच्याच दारावर चिकटवलं. "आणा तिला."

इंजिन खोलायला दोन दिवस लागले. गिऱ्हाइकं यायची, दार वाचायची, गाडी वळवायची. मला आनंद व्हायला हवा होता.

शेवटी त्याने तळहातावर एक पिस्टन रिंग धरली. "खूण वर पाहिजे, मी खाली घातली. चष्मा घरी होता, घमेंड खिशात." नवी रिंग बसवून ही जुनी त्याने सुतळीत ओवून पत्रकाखालच्या खिळ्याला टांगली. तिथे आधीच तीन जुने भाग लटकत होते.

"हे काय?"

"माझ्या चुका. रोज दार उघडताना हाताला लागतात."

दसऱ्याच्या सकाळी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, धुकं होतं. नाना व्हॅन चालवत होते आणि मागे मिस्त्री कमरेपर्यंत झेंडूत बुडालेला, कान पुढच्या सीटला टेकवून, डोळे मिटून. केसांत केशरी पाकळ्या. व्हॅन रस्त्याने नाही, वासावरून तरंगत चालल्यासारखी वाटत होती.

"काय बोलतेय?" मी हळूच विचारलं.

"काय नाय. बरी झाली की गप बसते."

उन्हं वर यायच्या आत सगळी फुलं विकली गेली.

मी दारावरचं पत्रक काढलं, पण वळून गेलेल्या गाड्या परतल्या नाहीत. पुढे तो कळवणकडे गेला म्हणतात. बंद दारावर ती रिंग बरीच वर्षं वाऱ्याने हलायची.

ते साठ कागद अजून कुठेतरी असतील. तुमच्याकडे एखाद्या डब्याच्या तळाशी पिवळा कागद सापडला, तर फाडू नका. त्यानेही फाडला नव्हता. फक्त खाली पेनाने एक ओळ लिहा: चूक त्याने स्वतः दाखवली, आणि गाडी बरी केली.