अडीचशे घरांच्या बादल्या

धाकटी दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासते आणि संध्याकाळी वसाहतीची फीड सांभाळते. फीड म्हणजे काय, हे तिने आईला एकदा समजावलं होतं. "पाणीवाले, बसवाले, वाचनालय, सगळे आपापल्या साइटवर लिहितात. मी ते एका जागी गोळा करते. तू एकदा पत्ता जोडलास की नवं काही आलं की थेट तुझ्या फोनवर. कुठे डोकवायला जायला नको."

"आणि चुकलं तर?" आईचा जीव आधी तिथेच जातो.

मंगळवारी चुकलंच. धाकटीने फीडची साइट नव्या जागी हलवली आणि प्रत्येक नोंदीचा क्रमांक बदलला. फीड नवं-जुनं क्रमांकावरूनच ओळखते; तिला वाटलं, सगळंच नवं. तीन वर्षांच्या जुन्या सूचना आजच्या तारखेने फोनवर धडकल्या. त्यात 'आज दुपारनंतर पाणी बंद' हीसुद्धा.

मग काय, अडीचशे घरांत नळ सुटले. बादल्या, टब, पातेली; तळमजल्यावरच्या प्लंबरकाकांनी तर फुलदाणीही सोडली नाही. तासाभरात टाकी रिकामी झाली आणि पाणी खरोखरच बंद पडलं.

दुसऱ्या दिवशी वसाहतीची बैठक. अध्यक्ष तापलेले. "हा पोरखेळ आजपासून बंद!"

मागच्या रांगेत आई पर्सचा पट्टा पिळत बसली. तीन वर्षं पोरीने एक संध्याकाळ चुकवली नव्हती.

धाकटी उठली. "चूक माझी. जुने क्रमांक जपायला हवे होते. आता परत घातलेत." बस. ना रडणं, ना सबबी. आईने पर्सचा पट्टा सोडला.

"एक विचारू?" प्लंबरकाका म्हणाले. "गच्चीची चावी परत करा, असं तुम्ही फळ्यावर लिहून महिना झाला. मिळाली?"

अध्यक्षांनी नकारार्थी मान हलवली.

"आणि हिच्या एका ओळीवर टाकी कोरडी! साहेब, अख्खी वसाहत वाचते हिचं."

हशा पिकला. अध्यक्षही हसले. "बरं बाई, चालू ठेव. आणि ते चावीचंही टाक त्यात."

धाकटीने उभ्या उभ्या टाकलं. थोड्याच वेळात खोलीभर फोन वाजू लागले. आईचाही वाजला. तिने वाचलं आणि ओशाळून पर्स उघडली. पोरं गच्चीवर धडपडतील या धास्तीने महिनाभर जपलेली चावी तिच्याकडेच होती.

सगळ्यांदेखत ती मान ताठ ठेवून पुढे गेली. "घ्या," ती अध्यक्षांना म्हणाली. "माझ्या मुलीने कळवलंय."