खाकी ग्रंथालय

शारजातल्या एका शाळेचं अख्खं ग्रंथालय मी एका शुक्रवारी नाहीसं केलं. पुस्तकं होती जागेवरच; ओळखू येत नव्हती, एवढंच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझी बायको सुनंदा तिथे ग्रंथपाल होती, पण टेम्पररी. शनिवारी बोर्डाचे तपासनीस येणार होते. त्यांना ग्रंथालय आवडलं तर ती पर्मनंट, नाहीतर घरी. आणि गुरुवारी तिला सणसणून ताप भरला!

"अहो, उद्या किल्ली घेऊन जा. फाटक्या पुस्तकांना टेप लावा. फक्त टेप!" ती पांघरुणातून म्हणाली.

मी मान डोलावली. (मी मान डोलावतो तेव्हा ऐकलेलं नसतं, हे तिला लग्नाला बारा वर्षं होऊनही कळलं नव्हतं.) शाळकरी वयापासून मला एकच वळण: पुस्तक हातात आलं की आधी खाकी कव्हर, मग वाचन. उघडंबोडकं पुस्तक पाहिलं की कसंसंच होतं. शुक्रवारी ग्रंथालय उघडलं, तर इथे हजारभर उभी होती!

वॉचमन दत्ताराम गुहागरचा. त्याला माझं दुःख लगेच कळलं.

"साहेब, आमचे रूममेट पॅकिंगच्या कामावर आहेत. आज सुट्टीच आहे. बोलवू काय?"

इंडस्ट्रियल एरियातून सहाजण आले, खाकी कागदाचे रोल खांद्यावर घेऊनच! "यल्ला, यल्ला" (म्हणजे चला, चला) करत त्यांनी मुलांची अभ्यासाची टेबलं व्यापली. गोष्टी, गणित, शब्दकोश, सगळं एका रंगाचं. पाठीवरचे नंबर कागदाखाली. संध्याकाळी चार वाजता दत्ताराम हात झटकून म्हणाला, "खलास!" (उत्साहाच्या भरात त्यांनी टेलिफोन डिरेक्टरीही सोडली नव्हती.)

माझ्याबरोबर आलेली माझी दहा वर्षांची मुलगी मीरा कपाटांसमोरून एक चक्कर मारून आली. "बाबा, हाऊ विल एनीवन नो व्हिच इज व्हिच?"

"उघडून बघतील," मी म्हणालो.

शनिवारी शाबासकी घ्यायला मी सुनंदाबरोबर गेलो. दारातच तिच्या हातातली पर्स पडली. मग ती स्वतः खुर्चीत बसली.

"अहो... पुस्तकं कुठायत?"

"हीच की!"

तिने एक उघडलं: बागकाम. शेजारचं उघडलं: बीजगणित. "हे ग्रंथालय आहे की पार्सल ऑफिस? तपासनीस येतायत हो! गेली माझी नोकरी!"

तोवर तपासनीस आलेच. मागे प्रिन्सिपॉल, चेहरा पांढराफटक. आणि नेमका सहावीचा लायब्ररी पीरियड! क्रिकेटचं पुस्तक शोधणारी मुलं एकेक पुस्तक उघडू लागली. एकाला ज्वालामुखी सापडले, तो तिथेच बसला. दुसरी देवमाशात अडकली. एरवी डबा खायला आणि डुलक्या काढायला वापरली जाणारी टेबलं दहा मिनिटांत भरली. सगळ्या माना पुस्तकात! तपासनीस थक्क.

"मॅडम, इतने बच्चे पढते हुए मैंने कहीं नहीं देखे! यह कौनसी मेथड है?"

सुनंदाला खोटं बोलता येत नसे. "सर, यह मेथड नहीं है. मेरे हजबंड हैं."

ती पर्मनंट झाली. पण पुढचे सगळे शुक्रवार तिने मला कव्हरं काढायला बसवलं. "ही हौस घरच्या पुस्तकांवर भागवा!" म्हणाली. मी भागवली.

सुनंदाला जाऊन आता आठ महिने झाले. काल तिच्यासारखी आमटी करावी म्हणून डाळ गॅसवर ठेवली आणि तिची पाककृतींची वही शोधायला कपाट उघडलं. सगळं खाकी! वही काही मिळेना. पाचव्या पुस्तकात ज्वालामुखी निघाले, तर उभ्या उभ्या वाचत राहिलो. लाव्हा उसळला, तसा जळका वास आला, डोळे चुरचुरले, घरभर धूर झाला. मी मनात म्हटलं, वा! काय जिवंत वर्णन आहे!