खिळ्यावरचा मास्क

मित्रांनो, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितोय.

आज आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना घेऊन पाटोद्याला खताच्या दुकानात गेलो होतो. त्यांना दमा आहे. साथ वाढलीय, म्हणून निघतानाच त्यांच्या हातात नवा मास्क दिला होता.

दुकानावर 'मास्कशिवाय प्रवेश नाही' अशी पाटी आहे आणि पाटीखाली खिळ्याला एक मास्क टांगलेला. ज्याच्याकडे नसेल त्याने तो घालून आत जायचं आणि बाहेर येताना परत टांगायचा!

मी गाडी लावून येईपर्यंत एक खोकणारा माणूस तो टांगून गेला आणि आबांनी तोच तोंडाला लावला.

"आबा, तुमचा कुठंय?"

"खिशात हाय. नवा कावून मळवायचा? लग्नात घालता यील."

दुकानदार हसला. "लई भेतो बे तू! सकाळधरनं सगळ्यांनी घातला, कुणाला काय झालं का?"

आता आबा ओसरीत खोकतायत. दम्याचा खोकला रोजचाच आहे, पण आज प्रत्येक वेळी मी उठून दारात येऊन बघतोय. भावाची लहान मुलगी त्यांच्या मांडीवर खेळतेय. तिला तिथून कोणत्या तोंडाने उचलू? तुम्ही काय केलं असतं?