वॉरंटीतली चार वर्षं

हिंगोली जिल्हा होऊन पाच-सहा वर्षं झाली होती आणि मला कॉलेजात कायम होऊन तीन. मी कॉमर्स शिकवायचो. स्टाफरूममधल्या दोघांकडं गाड्या आल्यापासून माझी स्कूटर मला आवडेनाशी झाली होती. आमच्या घराण्यात तोवर चारचाकी कुणी घेतली नव्हती. ती आपण घ्यायची, असं मी ठरवलं.

माझी स्कूटर आणि तिच्या आधीची मोपेड, दोन्ही दादानंच चालत्या ठेवल्या होत्या. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. नववीतून शाळा सोडून तो हिंगोलीत एका उस्तादाकडं जीपगाड्यांचं काम शिकला. गरिबीनं शाळा सुटली असं सांगितलं की गोष्ट चांगली होते, पण खरं म्हणजे त्याला इंजिनाचं वेड होतं आणि भूगोलाचा कंटाळा. पुढं त्यानं सेनगावच्या रस्त्याला स्वतःचं पत्र्याचं गॅरेज टाकलं. साखऱ्याकडं जाणाऱ्या काळ्यापिवळ्या जीपा बहुतेक त्याच्याच हाताखालून जायच्या. जीप दारात थांबायच्या आधीच तो आवाजावरून सांगायचा, क्लच गेला म्हणून. मी एम.कॉम. झालो तो त्याच्या जीवावर. हे मी भाषणात सांगतोही, निरोप समारंभात वगैरे. भाषणात सांगायला सोपं जातं.

नांदेडच्या शोरूमला जाताना मी दादाला बरोबर घेतलं. गाडी पारखायला त्याच्याशिवाय होतं कोण? निघताना मात्र मीच त्याला म्हणालो, "दादा, तो पांढरा शर्ट घाल." त्यानं घातला. हात रॉकेलनं घासून आला, तरी नखांच्या कडेचं काळं काही निघालं नव्हतं. माझं लक्ष सारखं तिकडंच जात होतं, हे सांगायलाही आज लाज वाटते.

गाडी ठरली. कागदपत्रं होता होता टायवाल्या सेल्समननं विषय काढला. "सर, एक्स्टेंडेड वॉरंटी घेऊन टाका. कंपनीची दोन वर्षं, वरची दोन. चार वर्षं डोक्याला ताप नाही."

आकडा ऐकून मी जरा मागं सरकलो. दादा खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाला, "काहून घेऊन राहिला? मी हाय ना."

'मी हाय ना' या एवढ्या बोलण्यावर आमचं घर पंधरा वर्षं चाललं होतं. गाडीही चालली असती.

सेल्समननं ते ऐकलं असावं. तो हसला. "सर, नव्या गाड्या रोडसाइड मेकॅनिकच्या अकलेबाहेरच्या आहेत. पाना घेऊन बसतात आणि सेन्सरची वाट लावतात. आणि एक लक्षात ठेवा, बाहेरच्या मेकॅनिकनं हात लावला की वॉरंटी संपली." मग दादाकडं बघत त्यानं मला विचारलं, "हे कोण? मेकॅनिक आहेत का?"

माझा भाऊ आहे, जिल्ह्यात नाव आहे त्याचं, एवढंच तर म्हणायचं होतं. मी म्हणालो, "नाही नाही. गावाकडचे आहेत. सोबत आलेत."

दादानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. काचेपलीकडच्या गाड्यांकडं बघत बसला. मी घाईघाईनं वॉरंटीच्या फॉर्मवर सही केली. गाडीच्या काळजीनं नाही. नको म्हटलं असतं तर 'मग दुरुस्ती कोण करणार' हा पुढचा प्रश्न आला असता, आणि तो मला नको होता. वर्गात मी विम्याचा धडा शिकवायचो. पहिलं तत्त्व फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचो, की करार करताना काही लपवायचं नाही. त्या दिवशी मी सख्खा भाऊ लपवला.

येताना गाडी दादानंच चालवली, कारण मला तेव्हा धड रिव्हर्सही येत नव्हता. कुरुंद्याकडं वळणाऱ्या फाट्यावर आम्ही चहा प्यायलो. तो इंजिनाबद्दल बोलत होता, पिकअप चांगला आहे म्हणाला. शोरूममधलं त्याच्या डोक्यातून गेलं, अशी मी माझी समजूत काढली.

गाडी आधी गावाकडं नेली, विहारापुढं. आमच्यात नारळ-लिंबू नाही. मेणबत्ती लावली, हार घातला, वंदना झाली. वस्तीतल्या बाया, माणसं, लेकरं सगळी जमली होती. पेढे वाटून झाले आणि दादानं सवयीप्रमाणं बॉनेटची आतली खटकी ओढली. लांबून आलेली गाडी कुणाचीही असो, तो आधी तिचं ऑइल-पाणी बघतो. त्यानं बॉनेटखाली बोटं घातली मात्र, मी सगळ्यांदेखत ओरडलो, "दादा! हात लावू नको!"

सगळ्यांच्या माना वळल्या. मग मी समजावायला लागलो: वॉरंटी आहे, कंपनीचा नियम आहे, बाहेरच्या मेकॅनिकला चालत नाही. जितकं समजावलं तितका जास्त रुतत गेलो. दादानं बॉनेट खाली दाबलं आणि हात मागं घेतले.

"बराबर हाय," तो म्हणाला. "कागदावर असंल तर बराबर हाय."

माय पेढ्यांचा बॉक्स धरून उभी होती. घरात आल्यावर माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवत म्हणाली, "तुह्या बापाला गावानं लई येळा म्हणलं, हात लावू नको. हिरीला नको, हॉटेलातल्या कपाला नको. घरातल्यानं घरातल्याला म्हणलेलं आज आयकलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथल्या तिथं उठून दादाचे पाय धरायला हवे होते. मी काय केलं? "माय, तुला नाही समजत, कंपनीचं असंच असतं," असं म्हणालो. शिकलेल्या माणसाला बोलायला काहीतरी सुचतंच.

पुढची चार वर्षं मी दर सर्व्हिसला रजा टाकून नांदेडला जात राहिलो. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. दादाचं काम सगळ्या जिल्ह्याला चालत होतं, एक मी सोडून. तो कधी टोचून बोलला नाही. माझ्या गाडीत बसायची वेळ आली तर मी दार उघडेपर्यंत बाजूला उभा राहायचा, आणि हात मांडीवर ठेवून मागं बसायचा. इंजिनाबद्दल मात्र पुन्हा अवाक्षर बोलला नाही.

चौथ्या वर्षी शेवटच्या सर्व्हिसला मी तिथल्या माणसाला सहज विचारलं, आता घरच्या मेकॅनिकनं बॉनेट उघडून ऑइल बघितलं तर चालेल का. तो म्हणाला, "सर, ते कधीही चालत होतं. उलट तुम्हीच दर आठवड्याला बघायला पाहिजे. पुस्तिकेत लिहिलंय की." पुस्तिका चार वर्षं गाडीतल्या समोरच्या खणात होती. तिची प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा मी फोडली नव्हती.

वॉरंटी संपली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी गाडी घेऊन दादाच्या गॅरेजला गेलो. काय म्हणायचं ते वाटेत दहादा घोकलं होतं. तिथं दोन जीपवाले बाकड्यावर बसले होते. त्यांना बघून माझी जीभ पुन्हा आखडली.

"दादा, जरा गाडी बघ ना," मी म्हणालो. "आवाज येऊन राहिला."

गाडीचा कसलाही आवाज येत नव्हता. आणि तो गाडीच्या आवाजावर जगणारा माणूस, त्याला हे मी इंजिन चालू ठेवून, गाडीतून उतरून सांगत होतो.

दादा जीपखालून बाहेर आला. फडक्यानं हात पुसले. मग नळावर साबण लावून धुतले आणि परत पुसले. गाडीपुढं येऊन थांबला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "लावू का हात?"

टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्यात राग असतो, रागापुढं माणूस निदान मान खाली घालू शकतो. पण तो खरंच विचारत होता. जीपवाले आमच्याकडं बघत होते.

"असं काहून इचारतो रे दादा," मी कसंबसं म्हणालो.

"इचारलेलं बरं," तो म्हणाला, आणि मी हो म्हणेपर्यंत बॉनेटपासून हातभर लांब तसाच उभा राहिला.