उजव्या बाजूचे हेडर

"अण्णाजी, हा पाइप सरळ स्टिअरिंग बॉक्समध्ये घुसून राहिला. नाही बसत."

मी गाडीखाली पाठीवर पडलो होतो. अण्णाजी शेजारी खुर्ची टाकून बसले होते. वरून म्हणाले, "कंपनी तर म्हणते हंड्रेड पर्सेंट बसतो."

"मग कंपनीलाच बोलवा गाडीखाली," मी म्हणालो.

मी जबलपूरच्या सरकारी कारखान्यात वेल्डर होतो. रिटायर झाल्यावर घरामागे शेड टाकलं. सायलेन्सर, चेसिस, गेट, जे येईल ते जोडतो. अण्णाजींचं सराफ्यात जुनं दुकान. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची एक अमेरिकन गाडी आहे. दोन दारं, हातभर लांब नाक आणि आठ सिलिंडरचं इंजिन, चार डावीकडे, चार उजवीकडे. तिकडे अशा गाडीला मसल कार म्हणतात. आमच्या मोहल्ल्यात तिला ‘अण्णाजींचा हत्ती’ म्हणतात, कारण खाते खूप आणि चालते कमी.

इंजिनमधला जळका धूर आधी एका बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, तुकड्यात जमा होतो, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. तो तडकला होता. गाडी सुरू केली की धूर आत यायचा आणि डोळे चुरचुरायचे. बीड वेल्ड करून पाहिलं, दोन दिवसांत पुन्हा तडकलं. अशा वेळी हेडर लावतात. म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा पाइप, आणि खाली चारही पाइप एकात. काम सोपं आहे, फक्त ते पाइप वाटेतल्या प्रत्येक वस्तूला चुकवून खाली आले पाहिजेत.

घाई होती. अण्णाजींच्या मुलानं, समीरनं, नागपूरचं गिऱ्हाईक पक्कं केलं होतं. रविवारी ते गाडी न्यायला येणार होतं. बापलेकाचं ठरलं होतं की शनिवारपर्यंत गाडी आपल्या पायानं नर्मदेवरच्या तिलवाऱ्याला जाऊन परत आली, तर विकायची नाही. नाही आली, तर अण्णाजी एक शब्द बोलणार नाहीत.

हेडर अण्णाजींच्या अमेरिकेतल्या भाच्यानं हे ठरायच्या आधीच पाठवले होते. गाडीचं मॉडेल टाकलं, सेट आला. डावी बाजू लोण्यासारखी बसली. उजवी अडकली. दुसरा सेट मागवला, आखूड पाइपांचा. तोही तिथंच अडकला.

कारण मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं. गाडी अमेरिकेतून आली तेव्हा स्टिअरिंग डावीकडे होतं. इथं कोण्या मिस्त्रीनं ते उजवीकडे आणलं, आणि त्यासाठी ट्रकचा स्टिअरिंग बॉक्स लावला. तो बॉक्स धरायला हे एवढं जाडजूड ब्रॅकेट. जुना मॅनिफोल्ड इंजिनला चिकटून होता, म्हणून चालून गेलं. हेडरचा तिसरा पाइप नेमका त्या ब्रॅकेटवर येत होता.

"कोण्या गाढवानं केलं हे?" मी रोज म्हणायचो. "ब्रॅकेट बनवलं का रेल्वेचा पूल? अक्कल गहाण ठेवून वेल्डिंग केलं त्यानं."

अण्णाजी ऐकून घ्यायचे आणि चहा मागवायचे.

भाच्यानं कंपनीला विचारलं. कंपनी म्हणाली, फोटो पाठवा. समीरनं फोटो काढून पाठवला. उत्तर आलं की फोटो आरशातल्यासारखा उलटा आलेला आहे, कृपया सरळ पाठवा. त्यांच्या हिशेबानं स्टिअरिंग त्या बाजूला असूच शकत नव्हतं.

अण्णाजींनी डोकं चालवलं. "समीर, तू पेपर धरून गाडीजवळ उभा राहा. अक्षरं सरळ दिसली म्हणजे फोटो सरळ."

समीर सकाळचा हिंदी पेपर छातीशी धरून बोनेटजवळ उभा राहिला, चेहरा असा की पोलिसांनी पकडून आणलाय. फोटो गेला. दुसऱ्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं: धन्यवाद, पण हाही फोटो उलटाच आहे.

"पापा, उनको हिंदी थोड़ी आती है!" समीर म्हणाला.

"मग इंग्रजी पेपर काहून नाही धरला?" अण्णाजी त्याच्यावरच चिडले.

हे झालं तेव्हा बुधवार होता. मी म्हटलं, चलो, आता कंपनी पुरे. सेटमधल्या फ्लँज, म्हणजे इंजिनला टेकणाऱ्या पट्ट्या, बरोबर बसत होत्या. तेवढ्या ठेवायच्या आणि पाइप इथंच वाकवून जोडायचे. त्यासाठी ब्रॅकेटचं माप नीट हवं होतं. मी जाड तार घेऊन खाली शिरलो आणि घासलेटच्या बोळ्यानं वर्षानुवर्षांची ग्रीस पुसायला लागलो.

ग्रीसखाली आकडा निघाला. एकसष्ट.

आमच्या कारखान्यात प्रत्येक वेल्डरचा नंबर असायचा. जोड झाला की शेजारी पंचनं, म्हणजे आकडा उठवायच्या छिन्नीनं, आपला नंबर ठोकायचा. उद्या जोड उसवला तर कोणाला बोलवायचं ते कळावं म्हणून. एकसष्ट माझा नंबर होता.

मी तसाच पडून राहिलो. मग आठवलं. मी ॲप्रेंटिस होतो, नंबर नुकताच मिळाला होता. कारखान्यात मला काम शिकवणाऱ्या उस्तादांनी एका रविवारी घरी बोलावून दोन पट्ट्या समोर टाकल्या होत्या. "जोड दे, मजबूत." गाडी मला दाखवलीच नव्हती. मी जोडलं आणि हात सवयीनं खिशातल्या पंचकडे गेला. खाजगी कामावर सरकारी नंबर! साहेबांनी पाहिलं असतं तर नोकरी गेली असती.

"काय झालं मेश्रामजी?" अण्णाजींनी विचारलं.

"काही नाही. माप घेऊन राहिलो."

त्या दिवसापासून मी शिव्या बंद केल्या. अण्णाजींच्या ते लक्षात आलं असणार, पण त्यांनी फक्त चहा मागवला.

ब्रॅकेट कापायची माझी हिंमत झाली नाही. स्टिअरिंग त्याच्यावर होतं. तिसरा पाइप त्याच्या खालून वळवला. पाइप जागेवर वेल्डिंगचे टाके मारून धरले, तर अख्खा हेडर बाहेरच निघेना. इंजिन उचलल्याशिवाय निघणार नव्हता. पुन्हा कापला आणि दोन तुकड्यांत केला, एकात एक सरकणारा. शुक्रवारी संध्याकाळी बसला. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून पाहिलं, कुठंच घासलं नाही.

शनिवारी सकाळी निघालो. अण्णाजी चालवत होते, समीर शेजारी, मी मागे. हेडरनं गाडीचा आवाज असा मोकळा झाला की रस्त्यावरच्या म्हशी बाजूला होत होत्या. तिलवाऱ्याच्या पुलापलीकडे अण्णाजींनी गाडी वळवून उभी केली. धूर नाही, गळती नाही. आता माझ्याच्यानं राहवेना.

"अण्णाजी, ते ब्रॅकेट माझंच काम आहे. एवढे दिवस मी स्वतःलाच शिव्या देऊन राहिलो होतो."

"माहीत आहे," ते म्हणाले. "बाबांनी नंबर दाखवून ठेवला होता. म्हणाले होते, कधी अडलं तर या नंबरवाल्याला शोध. कारखान्याच्या रिटायर लोकांना विचारत विचारतच तुमच्याकडे आलो."

"मग बोलले काहून नाही?"

"तुम्ही इतकं मन लावून शिव्या देत होते. मध्ये कशाला बोलू?"

समीर मागे वळला. "मतलब इन्होंने ही बिगाड़ा था, और बनवाया भी इन्हीं से?"

"बिगाडलं कुठं?" अण्णाजी म्हणाले. "तुझी आजी, तुझी आई, तू, सगळे या गाडीत फिरले. स्टिअरिंग एकदा हललं नाही. बाबा त्याच जोडाच्या भरवशावर गाडी चालवायचे."

मी खिडकीबाहेर पाहत बसलो.

समीर खाली उतरला, फिरून पलीकडे गेला आणि बापाला म्हणाला, "आप सरकिए." परत येताना गाडी त्यानं चालवली. नागपूरच्या गिऱ्हाईकाला नाही म्हणायचा फोनही त्यानंच केला.

जुन्या गाडीला हेडर निवडायचे तर कॅटलॉग मागाहून उघडावा, आधी गाडीखाली जावं. आणि कोणाच्या वेल्डिंगला शिव्या द्यायच्याच असतील, तर ग्रीस पुसून द्याव्यात.