खिडकी ओढली की मेंढरं फुगायची

आबांनी जन्मभर मेंढरं राखली आणि मी संगणकावर मेंढरं काढते, म्हणजे धंदा तोच. पण आबांना ते मान्य नव्हतं. माझ्या कामाला ते 'चाळे' म्हणायचे, तेही आल्यागेल्यासमोर. या माणसानं एकदा तरी पडद्याकडं नीट बघून हे खरं काम आहे म्हणावं, एवढीच माझी हौस.

म्हणून सुट्टीला गावी, उमापूरला आले तेव्हा मी बनवत असलेला खेळ त्यांच्यापुढं मांडला. चौकोनांचं वावर, त्यात बारा मेंढरं, एका चौकोनात एक.

"मोजा बरं," मी म्हणाले.

"ज्याची मेंढरं त्यानं मोजावी."

परक्याच्या कळपावर बोट फिरवायचं नाही, हा त्यांचा नेम. मी ऐटीत पडद्यावरची खेळाची खिडकी माउसनं रुंद ओढली. मेंढरं आडवी फुगली.

"ह्या म्हशी कवा आणल्यास?" आबा म्हणाले.

चहा घेऊन आलेल्या आईलाही हसू आवरेना. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चूक माझीच होती. चौकोनाची रुंदी खिडकीच्या रुंदीवरून आणि उंची तिच्या उंचीवरून, अशी वेगवेगळी काढून बसले होते. रागाच्या भरात मी चौकोनाचं माप कायमचं ठोकून टाकलं. आता खिडकी कितीही ओढली तरी मेंढरू हलेना.

"आता बारकी कर," आबा म्हणाले. केली, तर उजवीकडची अख्खी रांग कडेबाहेर गेली.

"लांडग्यानं न्हेली वाटतं."

"आबा, आहेत ती. फक्त दिसत नाहीत."

"लांडग्यानं न्हेलेलीबी दिसत न्हाईत, बाई."

मी रडकुंडीला आले. तेव्हा कुठं त्यांनी मांडी घातली आणि मेंढरं कोंडायच्या जाळीचं, म्हणजे वाघुरीचं, गणित सांगितलं. "वावर लांबडं असू दे न्हाईतर रुंद. आधी अरुंद बाजू बघायची. तिच्यात मावंल एवढीच वाघूर लावायची, उरलेलं दोनी अंगाला सारखं सोडायचं. वावर मोठं म्हणून मेंढरू ताणतंय व्हय?"

झालं. खिडकीची रुंदी आडव्या चौकोनांच्या संख्येनं आणि उंची उभ्या चौकोनांच्या संख्येनं भागायची, लहान येईल तेच माप चौकोनाच्या चारी बाजूंना द्यायचं आणि उरलेली जागा दोन्हीकडं निम्मी निम्मी सोडायची. चार ओळींचं काम. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, मला वाघुरीचा बसला.

आबांनी माउस हिसकावून घेतला. खिडकी रुंद केली, उंच केली, मग पार तळहाताएवढी केली. मेंढरं बारकी झाली, पण मेंढरंच राहिली. मग त्यांनी चष्मा लावला, पडद्याला नाक टेकवलं आणि बोट एकेका चौकोनावरून फिरवायला लागले.

"धा, अकरा, बारा. समदी हायत आपली."

मला रडूच आलं. माझा चहा गार झाला होता, तोही त्यांनीच पिऊन टाकला.